कागवाडला चित्र पाठवायचं कसं?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डिजिटल चित्रकलेच्या छंदातून घरबसल्या कमाई कशी करावी, यावर पानभर मजकूर होता. टॅब्लेट घ्या, फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, चित्रं काढा, एखाद्या संकेतस्थळावर दुकान मांडा, मग झोपेतसुद्धा पैसे येत राहतील, असा एकूण सूर. मी हेच करते. झोप व्यवस्थित लागते, पण त्यात पैसे आल्याचं आठवत नाही. लेखातलं निम्मं बरोबर आहे. चित्र काढणं पूर्वीइतकं खर्चाचं खरंच राहिलेलं नाही. पण छापलेलं चित्र राज्याबाहेर विकायला गेलं की जीएसटीची जी अडचण समोर उभी राहते तिचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त सीमेपलीकडच्या कागवाडचा मजकूर तेवढा ठेवा.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर स्लाइडी बघायच्या, संध्याकाळी घरचं आवरायचं आणि रात्री जेवणं झाली की टेबलाशी बसायचं. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे जे. जे. वगैरे नाव घरात कुणी काढलं नाही, मीही नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचा पेन टॅब्लेट मागे राहिला. बिनस्क्रीनचा, काळ्या पाटीसारखा. हात पाटीवर फिरतो आणि रेघ समोरच्या मॉनिटरवर उमटते. सुरुवातीला हाताचा आणि डोळ्याचा मेळ बसत नाही, रेघ भलत्याच गावाला जाते. सवयीनं बसतो. सॉफ्टवेअर क्रिता वापरते, ते खरोखरच मोफत आहे. चोरीचं सॉफ्टवेअर घालून देणारा दुकानदार शोधावा लागत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे पहिला सल्ला तोच मिळतो.

मिरजेत राहून चित्र कशाचं काढणार? तंबोऱ्याचं. इथली शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारं घडवायची. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि आजही सतारमेकर गल्लीत त्यांच्याच पुढच्या पिढ्या कामाला बसलेल्या दिसतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर भागातून आलेले भोपळे दुकानांत टांगलेले असतात, कुणी तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवायची लाकडी पाटी, तासत असतं, कुणी दांडीला पॉलिश मारत असतं. मी तिथे जाऊन बसते, विचारून फोटो घेते, कागदावर थोडं टिपते आणि घरी येऊन रंगवते.

माझ्या एका चित्रात फक्त घोडी आहे, म्हणजे तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. हस्तिदंती रंगाची ती रुंद घोडी, तिच्यावरून गेलेल्या चार तारा आणि सूर खुलावा म्हणून तारेखाली सरकवलेलं सूत. घोडीच्या उतारावर तार आणि तिची सावली एकमेकींच्या जवळ येत येत एका जागी मिळतात. गंमत सगळी त्या जागेत. तारांचा लेयर, म्हणजे चित्राचा थर, वेगळा, सावल्यांचा वेगळा. सावली मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या सोयीवर ठेवायची, तिची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, टोकाकडे कमी करत न्यायची आणि ब्रश इतका बारीक धरायचा की मॉनिटरवर चौपट मोठं केल्याशिवाय दिसू नये. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना मोबाइलवर ते चित्र दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी मोठं करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सूत बरोबर जागी हाय. वाजंल ह्यो." त्यानंतर मी ते विकायला ठेवलं.

पुरवणीत म्हटलंय की आता एआय आल्यामुळे चित्र काढता येण्याचीही गरज उरलेली नाही. एआयनं काढलेले तंबोरे मी पाहिलेत. तारा चार आणि खुंट्या सात, घोडी भलतीकडेच सरकलेली. दिवाणखान्यात रंगाला रंग म्हणून काहीतरी टांगणाऱ्याला ते चालत असेल. माझी गिऱ्हाइकं गाणं शिकणारी आणि शिकवणारी. ती आधी खुंट्या मोजतात.

आता हिशेब. ए थ्री आकाराचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढायचं तर फाइल ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची होते. हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं, मागाहून ताणून मोठं केलेलं चित्र कागदावर फिसकटतं. पडद्यावरचा झगझगीत निळा छपाईत मरतो, तेव्हा रंग आधीच दबते घ्यायचे. प्रिंटची किंमत मी ९०० रुपये ठेवलीय. चांगल्या मॅट कागदावर छपाईला ३२० जातात, पुठ्ठ्याची नळी आणि टपाल मिळून १३०, संकेतस्थळाचं कमिशन १३५. उरतात ३१५. त्यात माझ्या रात्री धरलेल्या नाहीत, वीजही नाही. फाइल विकली तर २५० रुपये, त्यात खर्च जवळपास नाही, पण आपल्या लोकांना अजून हातात धरता येईल असंच काहीतरी हवं असतं. गुरुपौर्णिमेला मागणी येते, शिष्य गुरूंना भेट देतात. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो तेव्हा पुन्हा थोडी येते. मधले महिने कोरडे. गेल्या वर्षी सगळा खर्च वजा जाता माझ्या हातात १४ हजारांच्या आसपास पडले. मला त्याचं काही दुःख नाही. छंदानं स्वतःचा खर्च काढला आणि वर दिवाळीला काहीतरी उरलं, हे चांगलंच आहे. पण घरबसल्या कमाई असं म्हणून कुणी नोकरी सोडू नये.

परदेशी संकेतस्थळांविषयीही लेखात दुकान फुकट मांडता येतं असं सुचवलंय. एट्सीवर एक वस्तू मांडायला २० सेंट पडतात, ती चार महिने राहते, पुढे ठेवायची तर पुन्हा २० सेंट. विकली गेली की साडेसहा टक्के त्यांचे, पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. ग्राहकांकडून पैसे घ्यायला पेपॅल खातं उघडा, असाही सल्ला आहे. पेपॅलनं भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेली आहे. परदेशातलं गिऱ्हाईक असेल तरच त्याचा उपयोग. आणि लेखासोबत बीपल या अमेरिकन डिजिटल चित्रकारावर जी चौकट होती तिच्याविषयी काय बोलावं? मार्च २०२१ मध्ये ख्रिस्तीज या लिलाव कंपनीच्या लिलावात त्याच्या डिजिटल चित्राच्या एनएफटीला, म्हणजे मालकीच्या डिजिटल नोंदीला, ६ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले, हे खरं. त्याच न्यायानं लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो लावून तिकिटं घ्या म्हणता येईल. आपल्याकडे एनएफटीसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वळता करता येत नाही, एवढं तरी चौकटीच्या खाली यायला हवं होतं.

चोरीचं दुखणं आणखी वेगळं. गावातल्या एका संगीतसभेच्या फ्लेक्सवर माझा तंबोरा झळकला होता. त्याच्या उजवीकडे चार नेते, डावीकडे दोन, आणि कोपऱ्यातली माझी सही कापलेली. विचारायला गेले तर उत्तर, "मॅडम, नेटवर होतं की!" कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. चित्र काढलं की हक्क आपोआप चित्रकाराचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि चित्रकाराच्या पश्चात ६० वर्षं तो टिकतो. हे फ्लेक्सवाल्याला ठाऊक नाही म्हणून त्याला तरी किती बोलणार? वर्तमानपत्रांतही चित्राखाली "सौजन्य : इंटरनेट" असं सर्रास छापलं जातं. इंटरनेट कधीपासून चित्रं काढायला लागलं? मी आता सही कोपऱ्यात करत नाही, भोपळ्याच्या गोलाईवर मधोमध करते, आणि समाजमाध्यमांवर १०८० पिक्सेलपेक्षा मोठं काही टाकत नाही. त्यावरून फ्लेक्स केला तर नेते स्वच्छ दिसतात आणि तंबोरा चौकटी-चौकटींचा दिसतो.

ही सगळी दुखणी सोसण्याजोगी आहेत. कागवाडचं मात्र माझ्या हातात नाही.

मिरजेहून निघालं की म्हैसाळ, आणि ते ओलांडलं की कागवाड. तिथे कर्नाटक लागतं. अंतर वीसेक किलोमीटर. पलीकडची माणसं रोज इकडे येतात. आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या नमुन्यांच्या बाटल्यांवर अथणी, उगार, शेडबाळ ही नावं मिरजेच्या पेठांइतकीच सवयीची आहेत. तिथे मराठी घरोघर कळतं. आणि गाण्याचं म्हणाल तर बेळगाव, धारवाड, हुबळी हा तर हिंदुस्थानी संगीताचा मुलूख. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, उरुसातल्या संगीतसभेला त्या बाजूनं माणसं भरभरून येतात. तेव्हा माझ्या तंबोऱ्याला सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक कुठलं, तर तिकडचं.

कागवाडहून एका गाणं शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांना घोडीचं चित्र हवं होतं, प्रिंट. "ताई, तुमच्या दुकानात आमचा पिनकोड घातला की इथे पाठवता येत नाही म्हणतंय. पत्ता चुकतोय का माझा?" पत्ता बरोबर होता. मी त्यांना फाइल घ्या म्हटलं, ती त्यांना लगेच मिळाली. त्यांनी ती तिथल्या फोटो स्टुडिओत छापून घेतली, चकचकीत कागदावर, आणि भिंतीवर लावून मला फोटो पाठवला. पार्श्वभूमीचा किरमिजी रंग काळा पडला होता, सावल्या त्यात बुडाल्या होत्या, आणि जिथे तार आणि सावली मिळतात तिथे वरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. बाई खूश होत्या. मी काही बोलले नाही.

हे असं का, तर जीएसटी कायद्याचं कलम २४. परराज्यात माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही किरकोळ असली तरी नोंदणी सक्तीची. ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकणाऱ्यालाही ती सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात लहान विक्रेत्यांना सूट मिळाली. पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर एनरोलमेंट क्रमांक घ्यायचा आणि विकायचं. मी तेव्हाच ऑनलाइन दुकान मांडलं. पण या सवलतीला अट आहे की माल राज्याबाहेर जाता कामा नये. सेवेचं तसं नाही. सेवा विकणाऱ्याला २०१७ पासूनच २० लाखांच्या उलाढालीपर्यंत देशभर मोकळीक आहे, ऑनलाइन बाजारपेठेतूनसुद्धा. आणि इंटरनेटवरून उतरवून घ्यायची फाइल कायद्याच्या लेखी सेवेत मोडते.

थोडक्यात, माझं तेच चित्र फाइल म्हणून कागवाडला गेलं तर चालतं, टोरांटोला गेलं तरी चालतं. कागदावर छापून नळीत घातलं की ते गोंदियापर्यंत जाऊ शकतं, म्हैसाळच्या पुढे जाऊ शकत नाही.

यावर ओळखीतले लोक म्हणतात, मग नोंदणी घेऊन टाका. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान व्यावसायिकांना तीन कामकाजी दिवसांत नोंदणी मिळण्याची सोय झालीय, हेही सांगतात. नोंदणी मिळणं हा प्रश्नच नाही, ती घेतल्यावरचं काय? एकदा क्रमांक घेतला की कमी उलाढालीची सूट संपली. कागवाडच्या बाईंना पाठवायच्या प्रिंटसाठी क्रमांक घ्यायचा आणि मग शेजारच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकालाही कर लावायचा. विवरणपत्रं भरत राहायची, एकही प्रिंट विकली गेली नसली तरी. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये दंड, कमाल ५०० पर्यंत. मी एका सीएंना विचारलं. भले गृहस्थ आहेत, ओळखीतले म्हणून महिन्याला हजारच सांगितले. वर्षाचे १२ हजार. माझे राहतात १४. त्यांनीच हिशेब करून बघितला आणि म्हणाले, "वहिनी, नका पडू यात."

आणखी एक गोष्ट बायकांशिवाय कुणी बोलत नाही. आमच्यासारख्यांचं दुकान म्हणजे घरातलं टेबल. नोंदणी त्याच पत्त्यावर होणार आणि क्रमांक घातला की तो पत्ता पोर्टलवर कुणालाही दिसणार. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे घरमालकांचं संमतिपत्रही लागणार. त्यांना विचारलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे उद्या घरपट्टी कमर्शियल लागणार का?" त्यांची समजूत घालता घालता चहा गार झाला, संमतिपत्र राहिलंच.

परराज्यात विक्रीला सूट द्यायची म्हणजे काहीतरी अघटित आहे, असंही नाही. हस्तकलेच्या वस्तूंना ती आधीपासून आहे, २० लाखांच्या आत. त्या यादीत हातानं काढलेली चित्रं आहेत, म्हैसूर आणि तंजावर शैलीच्या चित्रांचा तर नावानिशी उल्लेख आहे. संपूर्णपणे हातानं काढलेल्या चित्रांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, ते फार चांगलं झालं. टॅब्लेटवरचं चित्र मात्र यात कुठेच बसत नाही. मी काय पायानं काढते? असो. एका चित्राच्या पन्नास प्रती निघू शकतात, तेव्हा छापील प्रत आणि मूळ चित्र यांत सरकारनं फरक केला तर मी समजू शकते. कर जास्त लावा, मर्यादा कमी ठेवा. लहान विक्रेत्याच्या मालाला राज्याची हद्द ओलांडायला बंदी कशासाठी, एवढंच कळत नाही. मी पाठवलेल्या नळीत करचुकवेगिरीला जागा किती असणार?

हा माझ्या एकटीचा प्रश्न असता तर मी कागवाडच्या बाईंना मिरजेला या, चित्र घेऊन जा, असं सांगून मोकळी झाले असते. बांद्यात बसून चित्रं काढणाऱ्या मुलाला गोव्यातलं पेडणं जवळ आणि पुणं लांब. देगलूरच्या मुलीला हैदराबादचं गिऱ्हाईक मिळणं जास्त सोपं. कागलच्या माणसाला कर्नाटकातली निपाणी हाकेच्या अंतरावर. इकडचे लोक काय बनवतात ते पलीकडच्यांना कळतं, आवडतं, ते मागतातही. घरी साबण, मेणबत्त्या, कापडी बाहुल्या करून विकणाऱ्या बायकांपैकी ज्यांचा माल हस्तकलेच्या यादीत बसत नाही, त्यांचीही हीच गत आहे.

सीमेवरच्या जिल्ह्यांतले आमदार-खासदार हे सदर वाचतात असं ऐकून आहे. त्यांनी हा विषय आपल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे न्यावा, जीएसटी परिषदेत त्यांची खुर्ची आहे. मागणी मोठी नाही. २०२३ च्या सवलतीतली राज्याबाहेर माल न पाठवण्याची अट, स्वतः बनवलेल्या वस्तू विकणाऱ्यांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत काढून टाकावी. त्यासाठी संसदेत कायदा बदलावा लागत नाही. ती सूट अधिसूचनेनं आली होती, अटही अधिसूचनेत आहे, आणि परिषदेनं शिफारस केली की नवी अधिसूचना काढता येते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
मिरज
(नाव आणि पत्ता कार्यालयाला कळवला आहे, कृपया छापू नये.)